पहिली तबकडी, दुसऱ्यांदा



आवडत्या कलावंताची आरंभीची कृती निराशा करते, तेव्हा रसिक बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो ती कृती फडताळात टाकून विसरतो. नाही तर भक्तीपोटी तिच्यात नसलेले गुण पाहू लागतो. या दोन्ही वाटा टाळून अशी कृती पुन्हा कशी ऐकावी, एवढाच माझा आजचा विषय आहे. उदाहरण इंग्लंडमधील ‘जेनेसिस’ या बँडचे घेतो.

चार्टरहाउस शाळेतील मुलांनी हा बँड उभा केला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुटीत, त्यांनी लंडनला पहिल्या दीर्घ तबकडीचे ध्वनिमुद्रण केले. पीटर गॅब्रिएल आणि टोनी बँक्स तेव्हा १८ वर्षांचे होते, माइक रदरफर्ड १७ आणि अँथनी फिलिप्स १६ वर्षांचा. त्यांना संधी देणारा जोनाथन किंग त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. बँडचे नाव त्याने सुचवले. गाण्यांत बायबलचा धागा ओवावा, ही कल्पनाही त्याचीच. मुलांनी वाजवून झाल्यावर त्यावर व्हायोलिन आणि पितळी वाद्यांचा साज चढवण्यात आला. फिलिप्सला तो मुळीच रुचला नाही. मार्च १९६९ मध्ये ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन’ बाहेर पडली. काळे वेष्टन, त्यावर सोनेरी अक्षरे, बँडचे नाव नाही! दुकानदारांनी ती धार्मिक तबकड्यांत नेऊन ठेवली. हजार प्रतीही खपल्या नाहीत.

या बँडच्या पुढच्या कृतींवर प्रेम करणारा श्रोता ही तबकडी लावतो आणि हिरमुसतो. १३ गाणी, पण एकही पाच मिनिटांपर्यंत जात नाही. चाली गोड, पण पुष्कळदा दुसऱ्याच्या वळणावर गेलेल्या. त्याची तक्रार खोटी नाही, आणि दुसऱ्या श्रवणानेही ती खोटी ठरत नाही.

मग दुसरे श्रवण कशासाठी? यातले मुलांचे किती आणि वरून आलेले किती, हे निवडण्यासाठी. १९९८ मध्ये निघालेल्या एका संग्रहात यातील काही गाणी व्हायोलिनच्या साजावाचून ऐकायला मिळतात. त्यांतले ‘इन द विल्डरनेस’ ऐकावे. बँक्सचा पियानो आणि गॅब्रिएलचा आवाज यांच्यावरच ते गाणे उभे आहे, हे तेव्हा ध्यानात येते. पीठ जाड आहे म्हणून आपण धान्याला नावे ठेवत होतो!

तबकडी खपली नाही, तेव्हा किंगची आवड सांभाळण्याचे कारणही उरले नाही. मुले सरे परगण्यातील एका घरात काही महिने एकत्र राहिली, दिवसदिवस वाजवीत राहिली. १९७० च्या ‘ट्रेसपास’मध्ये गाणी अवघी सहा आहेत, शेवटचे सुमारे नऊ मिनिटांचे. आणि १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’मधील ‘सपर्स रेडी’ तर जवळजवळ २३ मिनिटांचे! त्याचा शेवट बायबलमधील ‘रेव्हलेशन’च्याच प्रतिमांवर रचलेला आहे. १९६८ मध्ये जो विषय वडीलधाऱ्याने हाती दिला होता, तो चार वर्षांनी त्यांचा स्वतःचा झाला होता.

श्रोतेहो, प्रश्न एका बँडपुरता नाही. आपल्या घरातही १६-१७ वर्षांची मुले काही लिहितात, गातात. त्यांचे पहिले काम आपण एकदा ऐकतो आणि निकाल देतो. त्यात जे कच्चे असेल त्याला कच्चे म्हणावे. खोटी स्तुती करू नये. पण जे उसने दिसते, ते आपल्याला खूश करण्यासाठीच उचललेले नाही ना, हेही तपासावे. तेवढ्यासाठी तरी दुसऱ्यांदा ऐकले पाहिजे.