नळी, ताप आणि धुतलेले हात
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू लहान मुलांचा डॉक्टर, म्हणजे सर्दी-खोकलाच ना?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. म्हणून माझ्या वॉर्डातली एक गोष्ट सांगतो.

ज्या मुलांना महिनोन्‌महिने केमोथेरपी लागते, किंवा आतडं काम करत नसल्यानं शिरेतूनच पोषण द्यावं लागतं, त्यांच्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून निकामी होतात. मग मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेतून एक मऊ नळी हृदयाजवळ नेऊन ठेवतात. हीच सेंट्रल लाइन. ती मुलांना जगवते. पण जंतूंना थेट रक्तात जायची वाटही मिळते. जंतू नळीत चिकट थर करून बसले, की औषध त्यांना पुरतं मारू शकत नाही. तिथून ते हृदयाच्या झडपेवर पोहोचले, तर बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. कधी झडपेवर शस्त्रक्रियाही करावी लागते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांनी नळी घालताना हात धुणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडानं झाकणं, गरज संपताच नळी काढणं, अशा पाच साध्या गोष्टी काटेकोर पाळल्या. तीन महिन्यांत किमान निम्म्या विभागांत हा संसर्ग शून्यावर आला. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नवं औषध एकही नव्हतं!

मुलांची नळी मात्र महिनोन्‌महिने राहते. त्यामुळे रोजची निगा अधिक महत्त्वाची. आमच्याकडे एका मुलाची आई शेतमजुरी करते. राउंडला नळीला हात लावण्याआधी ती मला म्हणाली, "साहेब, हात धुतले का?" धुतले होते, तरी तिच्यासमोर पुन्हा धुतले. असं विचारणारी आई मला प्रत्येक खाटेशी हवी आहे.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर एवढं लक्षात ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, किंवा नळीतून औषध दिल्यावर हुडहुडी भरली, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा आणि मुलाला सेंट्रल लाइन आहे, हे दारातच सांगा. रक्ताची तपासणी आणि पहिलं अँटिबायोटिक, दोन्हींना उशीर परवडत नाही.

प्रार्थनेनंतर नखं तपासणाऱ्या बाईंना आज एवढंच सांगतो : बाई, तुमची तपासणी आमच्या वॉर्डात अजून चालू आहे.