भूपेन खख्खर: टेट मॉडर्नमधलं प्रदर्शन आणि ‘कच्चा’ हात

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात भूपेन खख्खर यांच्या चित्रांचं प्रदर्शन १ जून २०१६ रोजी उघडलं. ते ६ नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि पुढे बर्लिनला गेलं. प्रदर्शनाचं नाव होतं ‘यू कान्ट प्लीज ऑल’, म्हणजे खख्खर यांच्याच १९८१च्या एका चित्राचं शीर्षक. ख्रिस डर्कन आणि नादा रझा यांनी त्याची आखणी केली होती. चित्रकार जाऊन तेव्हा जवळपास तेरा वर्षं झाली होती.

प्रदर्शन सुरू होतं न होतं तोच ‘द गार्डियन’मध्ये कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांचं परीक्षण आलं. त्यांनी खख्खर यांना दुय्यम दर्जाचे चित्रकार ठरवलं आणि टेटसारख्या संस्थेने ही चित्रं दाखवायचं कारण काय, असा थेट सवाल केला. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या कलावर्तुळातून त्यावर नाराजीचे सूर उमटले. पण नाराजी हे काही उत्तर नव्हे. श्रोतेहो, हा आक्षेप नीट तपासून पाहायला हवा, कारण खख्खर यांच्या चित्रांपुढे प्रथमच उभा राहणारा आपल्याकडचा प्रेक्षकही मनातल्या मनात बहुधा हेच म्हणत असतो. याला माणूस काढता येत होता की नाही?

शाळेतल्या मापाने पाहिलं तर चित्रातली माणसं अवघडलेली आहेत, यात शंका नाही. हात खांद्याला बेताचेच जोडलेले, पाय जमिनीवर पुरते न टेकलेले, चेहरा समोर आणि नजर भलतीकडे. हे असं का झालं, याचं अर्धं उत्तर मुंबईत आहे.

खख्खर यांचा जन्म १९३४चा, मुंबईचा. बालपण खेतवाडीतलं. वडील लवकर गेले. मुलाने शिकून घराला हातभार लावावा, ही घरची साधी अपेक्षा होती आणि ती त्यांनी पुरी केली. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते चार्टर्ड अकाउंटंट झाले. चित्रकलेची ओढ जे. जे. स्कूलच्या संध्याकाळच्या वर्गावर भागवावी लागली. चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांची ओळख झाली, त्यांनी आग्रह धरला, आणि १९६२ मध्ये खख्खर बडोद्याला गेले. तिथल्या ललित कला विद्याशाखेत त्यांनी शिक्षण घेतलं ते कलासमीक्षेचं. चित्र काढायला ते स्वतःच्या बळावर शिकले आणि पोटासाठी अर्धवेळ हिशेबनिसी करत राहिले.

खेतवाडीच्या मुलाच्या डोळ्यांवरून रोज कोणती चित्रं जात असतील? शेजारच्या गिरगावातच १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला होता. पुढे तो मळवलीला हलला, पण त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. भिंतीवर देवादिकांची कॅलेंडरं, दुकानांवर रंगवलेल्या पाट्या, आणि फोटो स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे श्वास रोखून उभी राहिलेली कुटुंबं. साठच्या दशकाच्या मध्यात खख्खर यांनी देवांच्या छापील तसबिरी कापून चिकटचित्रं केली, तेव्हा ही सगळी दुनिया कॅनव्हासवर आली. त्यांची माणसं ताठ उभी असतात, कारण आपली छबी घेतली जाते आहे हे ठाऊक असलेला माणूस तसाच ताठ उभा राहतो. शिष्टसंमत रेखांकनाने हा ताठपणा सैल केला असता आणि त्याबरोबर त्या माणसाचं सगळं बावरलेपण हरवलं असतं.

त्यांचं वाचनही दांडगं होतं आणि पाहणं त्याहून दांडगं. फ्रान्सचा जकातखात्यातला कारकून आंरी रूसो, जो स्वतःच चित्र काढायला शिकला, तो त्यांना जवळचा वाटे. कंपनी शैलीतली पेशेवार माणसांची चित्रं, नाथद्वाऱ्याच्या पिछवाया (देवाच्या मूर्तीमागचे रंगवलेले पडदे), इटलीतल्या सिएना शहराचे चौदाव्या शतकातले चित्रकार, हे सगळं त्यांनी अभ्यासलं होतं. कंपनी शैलीत इंग्रज साहेबासाठी भिश्ती, धोबी, शिंपी यांचे नमुने रंगवले जात. खख्खर यांनी १९७२च्या सुमारास तोच साचा उचलला आणि त्यात बडोद्याची माणसं बसवली: ‘डीलक्स टेलर्स’, ‘जनता वॉच रिपेअरिंग’, न्हाव्याचं दुकान, सहायक हिशेबनीस आय. एम. पटेल.

‘जनता वॉच रिपेअरिंग’ घ्या. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आपल्या चिमुकल्या दुकानात बसलेला आहे. चित्रात घडत काहीच नाही. पण पाटी, घड्याळं, टेबल, भिंतीचा रंग या सगळ्यांकडे चित्रकाराने सारख्याच आस्थेने पाहिलं आहे, आणि त्या सगळ्यांत तो माणूस एकटा आहे. कंपनी शैलीत तो ‘घड्याळजी जातीचा नमुना’ झाला असता. इथे त्याला स्वतःचा दिवस आहे, संध्याकाळ आहे, दुकान बंद करून जायचं घर आहे. दया दाखवण्याचा किंवा क्रांतीचा नायक बनवण्याचा मोह चित्रकाराने टाळला आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या, प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ धरलेल्या माणसाच्या चित्रात ते आणखी पुढे गेले. देवाच्या तसबिरीत मध्यभागी मूर्ती आणि भोवती लीलांचे प्रसंग असतात. इथे मध्यभागी एक सामान्य गृहस्थ आहे आणि भोवती त्याच्याच आयुष्यातले लहान लहान प्रसंग.

त्या काळाचा संदर्भ ध्यानात घेतला तर हे धाडस कळतं. मुंबईच्या कलाजगतात अमूर्त चित्रकलेचा मोठा दबदबा होता. गायतोंडे यांच्यासारखा ऋषितुल्य चित्रकार आकृतीला कधीच मागे टाकून पुढे गेला होता. अशा वेळी १९८१ मध्ये जहांगीर कलादालनात ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. खख्खर, शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा जण त्यात होते, आणि कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी निबंध लिहिला. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि कामगारांच्या शरीरांची चित्रं रंगवत. माणसाला चित्रात जागा मिळाली पाहिजे, हा या सहा जणांचा एकत्रित आग्रह होता. प्रत्येकाचा माणूस मात्र वेगळा होता.

खख्खर यांचा माणूस त्याच वर्षी बाल्कनीत येऊन उभा राहिला. ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये एक नग्न पुरुष आपल्याकडे पाठ करून बाहेरचं गाव न्याहाळतो आहे. बाहेर बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चालू आहे, आपल्या प्रत्येकाला लहानपणी ऐकवलेली. गोष्टीतले टप्पे एकाच गावात, एकाच वेळी घडताना दिसतात. कथा सांगण्याची ही पद्धत सिएनाच्या चित्रकारांची, आपल्याकडच्या लघुचित्रांचीही. गाढवावर कोण बसलं यावरून गाव बोलतंच. बाल्कनीतल्या माणसाने कपडे उतरवले आहेत आणि ते बोलणं लांबून पाहिलं आहे. खख्खर समलिंगी होते. १९८० मध्ये आई वारल्यानंतर त्यांनी ही गोष्ट चित्रांतून उघड केली. हे चित्र त्या निर्णयाचं आहे, आणि तो निर्णय त्यांनी कोणावरही आवाज न चढवता रंगवला.

पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’ आलं. दोन नग्न पुरुष एकमेकांच्या मिठीत, आणि आजूबाजूला साधू, देऊळ, भाविक अशी काशी आपल्या नित्यकर्मात गढलेली. हे चित्र धक्का देण्यासाठी काढलं, असं म्हणणाऱ्याने ती आजूबाजूची काशी पाहिलेलीच नसते. खख्खर यांना भक्ती आणि वासना एकाच शहरात, एकमेकींच्या शेजारी राहताना दिसत होत्या, आणि दोन्हींविषयी त्यांना सारखाच आदर होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. टेटमधलं प्रदर्शन चालू होतं तेव्हाही हे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इथे लागू होतं. चित्रकार तर २००३ मध्येच गेला होता. २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात या चित्राला सुमारे २५ लाख पौंड मिळाले. बाजाराने ज्याची किंमत केली ते धैर्य मात्र १९८२चं होतं.

कालक्रमाने पाहत गेलं की शेवटी आजारपणाची चित्रं येतात आणि ‘कच्च्या’ हाताचा प्रश्न तिथे पार बदलून जातो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खख्खर यांना कर्करोग असल्याचं निदान झालं. ‘बुलेट शॉट इन द स्टमक’ हे २००१चं चित्र. फाटलेलं पोट, बाहेर आलेली आतडी, वाहते रंग. ज्या हाताने घड्याळजीच्या दुकानातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली होती, तोच हात इथे रंग ओघळू देतो. मलविसर्जनाच्या यातना, सुजलेलं शरीर, जखमी डोकं, यांतलं काहीही त्यांनी झाकलं नाही. जोन्स यांच्या आक्षेपाला सर्वांत भक्कम उत्तर ही शेवटची चित्रं देतात. ज्याला एकच अवघडलेली रेषा येते, त्याला वयाच्या पासष्टीनंतर अशी दुसरी भाषा उभी करता येत नाही.

लंडनच्या मांडणीत एक उणीव अटळ होती. खख्खर गुजराती लेखकही होते. त्यांनी कथा लिहिल्या, ‘मोजीला मणिलाल’ हे नाटक लिहिलं. मध्यमवर्गीय गुजराती घरातलं बोलणं, त्यातला चावटपणा, त्यातले लपवालपवीचे हजार मार्ग त्यांच्या लेखनात आहेत, आणि चित्रांतल्या माणसांची कुजबूज त्या लेखनाशेजारी ठेवली की ऐकू येते. लंडनच्या प्रेक्षकाला ते कानी पडणं कठीणच. मुंबईच्या प्रेक्षकाला मात्र गुजराती शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. खख्खर गेल्यावर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २००३ मध्ये, इथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा जन्मलेली मुलं आता कलाशाळांतून बाहेर पडली आहेत. त्यांच्यासाठी असं प्रदर्शन मुंबईत पुन्हा भरायला हवं. त्यात चित्रांच्या जोडीला कथा वाचल्या जाव्यात, ‘मोजीला मणिलाल’चा प्रयोग व्हावा, आणि खेतवाडी-गिरगावातल्या जुन्या तसबिरी व दुकानांच्या पाट्या शेजारच्याच भिंतीवर लावल्या जाव्यात.