बिनपगारी उमेदवारी : किती दिवस आणि कशासाठी?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या भागातील पालक हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात आहे, एका कंपनीत इंटर्नशिप मिळते आहे, पण पगार नाही. पाठवावे की पाठवू नये? मी आज याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

शब्द नवा असला, तरी गोष्ट जुनी आहे. मराठीत तिला उमेदवारी म्हणतात. गॅरेजमध्ये, शिंप्याच्या दुकानात, फर्निचरच्या कारखान्यात पोराला उस्तादाच्या हाताखाली ठेवण्याची रीत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शागीर्दाला सुरुवातीला पैसे मिळत नसत. पण चांगला उस्ताद त्याला हत्यार धरायला शिकवी, आणि हात बसला की मजुरी सुरू होई. म्हणजे फुकट कामाला एक हेतू होता आणि एक शेवटही होता. तोच निकष आजही लावावा, असे माझे म्हणणे आहे.

आपले अंबरनाथ हे आयुध निर्माणीचे आणि औद्योगिक वसाहतीचे गाव. ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द येथे घरोघरी माहीत आहे. 1961 च्या कायद्याने या उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. शिकणाऱ्यालाही पोट असते, हे त्या कायद्याने मान्य केले. कायदा पूर्वी मुख्यतः कारागिरांसाठी होता. 1973 मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले आणि 2014 च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. 2019 च्या सुधारित नियमांनी पदवीधराला दरमहा किमान 9,000 रुपये आणि पदविकाधारकाला 8,000 रुपये ठरवले. तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला असे उमेदवार घेणे बंधनकारक केले. या कामाचे पश्चिम विभागाचे मंडळ आपल्याच मध्य रेल्वेवर, शीव येथे आहे. अर्ज करताना चालू दर अवश्य पाहावा.

आता बिनपगारी कामाकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे साधारण 120 तास. रोज सहा तास धरले, तर वीस दिवस. कायद्याच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे असे काम करावेच लागते. येथे पैसे मिळाले नाहीत, तरी मागे हटू नका. वाणिज्यच्या मुलीने करसल्लागाराच्या कार्यालयात वीस दिवसांत जीएसटीचे विवरणपत्र भरताना पाहिले आणि स्वतः भरले, किंवा रसायनशास्त्राच्या मुलाने कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले, तर ती कमाईच आहे.

पण वीस दिवसांचे सहा महिने झाले, तर हिशोब बदलतो. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षण संपलेल्या पदवीधराला दरमहा 10,000 रुपये ठरवले होते. त्या दराने सहा महिन्यांचे 60,000 रुपये होतात. शिवाय रेल्वेचा पास, रिक्षा आणि दुपारचे जेवण घरातूनच. ज्याचे वडील हा भार उचलू शकतात, त्याच्या नावावर अनुभव जमा होतो. ज्याचे वडील रोजंदारीवर आहेत, तो तेवढाच हुशार असून मागे राहतो. फुकट कामाचा खरा अन्याय हा आहे.

म्हणून होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा. मला शिकवणार कोण? काम कोणत्या तारखेला संपणार? लेखी पत्र आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार का? आणि मी आलो नाही, तर याच कामासाठी त्यांना पगारी माणूस ठेवावा लागेल का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते शिक्षण नव्हे, नोकरी आहे. तिची मजुरी मागण्यात लाज नाही. मजुराचा हक्क बुडवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि प्रमाणपत्रासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागणारा भेटला, तर तेथून सरळ परत या.

मुलींच्या पालकांना दोन शब्द. घाबरून दार बंद करू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे, मग तिला पैसे मिळोत वा न मिळोत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे. तेथे समितीत कोण आहे, सुटण्याची वेळ काय, हे आधी जाऊन विचारा. कारखान्यात पाठवताना इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे पत्रात लिहून घ्या.

संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. आपले माजी विद्यार्थी आज कार्यालयांत, कारखान्यांत, दवाखान्यांत आहेत. त्यांची एक नोंदवही करावी आणि प्रत्येकाकडे वर्षाला एक विद्यार्थी 120 तासांसाठी द्यावा. गरजू विद्यार्थ्याच्या त्या महिन्याच्या पासाचा खर्च संस्थेने उचलावा. रक्कम लहान आहे, पण तेवढ्यासाठी कोणाची संधी हुकता कामा नये.

विद्यार्थी मित्रांनो, शिकण्यासाठी वीस दिवस खुशाल द्या. त्यापुढचा प्रत्येक दिवस मात्र तुमच्या आईवडिलांच्या घामाचा आहे; तो देताना हिशोब मागा.