सुमो कुस्तीचे शौकीन

जपानी सुमो कुस्ती प्रथमच पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. दोन अवाढव्य मल्ल मातीच्या ओट्यावर समोरासमोर येतात, मीठ उधळतात, ओणवे बसतात, एकमेकांकडे टक लावून पाहतात, पुन्हां उठतात आणि पुन्हां मीठ उधळतात. हा सोहळा चार मिनिटें चालतो. मग दोन्ही देह एकदम आदळतात, आणि काय झालें हें उमजण्यापूर्वींच एक जण वर्तुळाबाहेर गेलेला असतो. झुंज पुष्कळदां दहा सेकंदांतच संपते. नियमहि साधा आहे. आपल्याकडील निकाली कुस्तींत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावावी लागते. येथें तळपायाखेरीज शरीराचा कोणताहि भाग मातीला टेकला, किंवा पाऊल सुमारें १५ फूट व्यासाच्या वर्तुळाबाहेर पडलें, कीं हार झाली.

असें असतांना जपानांतील सहस्रावधि माणसें जन्मभर या खेळाचा नाद कां करतात, असा प्रश्न कोणाहि परक्यास पडेल. त्याचें उत्तर झुंजीच्या दहा सेकंदांत फारसें मिळत नाहीं. तें एका कागदावर मिळतें.

या कागदाचें नांव बान्झुके. १९५८ सालापासून वर्षांत सहा मोठ्या स्पर्धा होतात: जानेवारी, मे व सप्टेंबर या महिन्यांत टोकियोला, मार्चमध्यें ओसाका येथें, जुलैमध्यें नागोयास आणि नोव्हेंबरांत फुकुओका येथें. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते, आणि ती सुरू होण्यापूर्वीं सुमारें दोन आठवडे ही क्रमवारी प्रसिद्ध होते. सुमोचे पंचच ती मोठ्या कागदावर कुंचल्यानें लिहितात व मग ती लहान करून छापली जाते. सर्वांत वर योकोझुना, म्हणजे महामल्ल. त्याच्या खालीं ओझेकी. आणि मग क्रमाक्रमानें सहा वर्गांतील सहाशेंच्या आसपास मल्लांचीं नांवें. वरचीं अक्षरें जाड आणि ठसठशीत असतात. खालीं यावें तसतशीं तीं बारीक होत जातात, आणि तळाची ओळ तर इतकी सूक्ष्म असते कीं, जपानी लोकांनीं तिला ‘भिंग’ असेंच नांव देऊन ठेवलें आहे. नवखा मनुष्य पहिली ओळ वाचून कागद ठेवून देतो. जुना शौकीन मात्र आपल्या गांवचा पोरगा कोठें आहे, हें पाहण्यासाठीं डोळे ताणून तळापर्यंत जातो.

क्रमवारींत वर चढण्याचा हिशेब सरळ आहे. वरच्या दोन वर्गांतील मल्लास पंधरा दिवसांत पंधरा कुस्त्या कराव्या लागतात. त्यांपैकीं आठ जिंकल्या, तर पुढील यादींत नांव सामान्यतः वर सरकतें. सातच जिंकल्या, तर खालीं घसरतें. खालच्या चार वर्गांत सातच कुस्त्या असतात, व तेथें चार जय पुरेसे होतात. म्हणून शौकिनाच्या लेखीं विजेतेपद ही थोडक्यांची गोष्ट आहे. बाकीच्या सर्वांचें भवितव्य आठच्या आंकड्यावर टांगलेलें असतें. विजेता केव्हांच निश्चित झाला असतां, शेवटच्या दिवशीं सात जय व सात पराजय घेऊन मातीवर उभ्या राहिलेल्या एखाद्या सामान्य मल्लासाठीं प्रेक्षकांचा जीव कासावीस होतो, तो यामुळेंच.

या चढउताराला पोटाचाहि प्रश्न जोडलेला आहे. दरमहा वेतन मिळतें तें फक्त वरच्या दोन वर्गांतील ७० जणांना. उरलेले मल्ल तालमींत राहतात, पहाटे उठून सराव करतात, स्वयंपाक व झाडलोट करतात आणि वरच्या मल्लांची सेवा करतात. त्यांच्या हातांत स्पर्धेगणिक थोडा भत्ता पडतो, एवढेंच. हानाकाझे नांवाचा मल्ल १९८६ सालीं या आखाड्यांत आला आणि २०२२ च्या जानेवारींत, वयाच्या ५१ व्या वर्षीं निवृत्त झाला. छत्तीस वर्षांत त्याचें नांव वेतनाच्या रेषेपर्यंत एकदांहि पोंचलें नाहीं. तरीहि बारीक अक्षरें वाचणाऱ्यांना तें नांव ठाऊक होतें. टोकियोच्या कोकुगिकान या प्रेक्षागारांत सकाळीं कुस्त्या सुरू होतात, तेव्हां सुमारें अकरा हजार आसनांपैकीं बहुतेक रिकामींच असतात. नामांकित मल्ल दुपारीं चारनंतर येतात. परंतु त्या रिकाम्या सकाळींहि एखाद्या कोपऱ्यांतून कोणी तरी एका अप्रसिद्ध पोराचें नांव मोठ्यानें पुकारतो. आणि तेवढ्या मोठ्या दालनांत तें नांव स्पष्ट ऐकूं येतें.

ज्यांना प्रत्यक्ष जातां येत नसे, त्यांच्या घरीं हा खेळ प्रथम नभोवाणीनें नेला. जपानांत १९२८ च्या जानेवारींत सुमोचें ध्वनिक्षेपण सुरू झालें, आणि त्यानें खेळाचें रूपहि थोडें पालटलें. तोंपर्यंत मल्लांनीं एकमेकांकडे किती वेळ पाहत बसावें याला कांहींच मर्यादा नव्हती. कार्यक्रम मात्र ठराविक वेळीं संपणें भाग होतें. म्हणून वरच्या वर्गासाठीं दहा मिनिटांची मर्यादा घालण्यांत आली. तीच कमी होतहोत आज चार मिनिटांवर आली आहे. याच नभोवाणीवरून १९३९ च्या जानेवारींत, ६९ कुस्त्या ओळीनें जिंकलेल्या फुताबायामाला आकिनोउमी या तरुण मल्लानें मातीवर पाडल्याची वार्ता घरोघर पोंचली. तीन वर्षें जो हरलाच नव्हता तो हरला, हें कानांनीं ऐकलेले लोक तो क्षण पुढें जन्मभर सांगत राहिले.

परंतु ज्या आठच्या आंकड्यानें या खेळांत इतकी गोडी आणली, त्यानेंच एकदां त्याला काळिमाहि लावला. ज्याला आठव्या जयाची निकड आहे आणि ज्याचे आठ जय आधींच झाले आहेत, अशा दोघांनीं आंतून कांहीं ठरवलें तर काय, ही शंका जुनीच होती. २०११ सालीं तिला पुरावा मिळाला. दुसऱ्याच एका चौकशींत पोलिसांनीं जप्त केलेल्या मोबाईल फोनांत कुस्त्या ठरवून केल्याचे संदेश सांपडले. त्या वर्षाची मार्चमधील स्पर्धा रद्द झाली, वीसहून अधिक जणांना आखाडा सोडावा लागला, आणि मे महिन्यांतील स्पर्धा विनामूल्य प्रवेश ठेवून, चषकाविना व नेहमींच्या प्रक्षेपणाविना पार पडली. शौकिनाला यांत झालेली जखम खोल होती. हरलेल्या मल्लावर माया करणें त्याला अवघड नसतें; पण ज्या आठव्या जयासाठीं आपण श्वास रोखून धरला, तो जय खरा होता कीं ठरवलेला, हा संशय घेऊन कुस्ती पाहणें त्याला अशक्य होतें. प्रेक्षागार पुन्हां भरूं लागावयास कांहीं वर्षें जावीं लागलीं.

गेलेला विश्वास निवेदनें काढून परत येत नाहीं. तो कसा येतो, हें तेरुनोफुजीच्या चरित्रावरून समजतें. हा मंगोलियांतून आलेला मल्ल २०१५ च्या मे महिन्यांत विजेता होऊन ओझेकी झाला, आणि तो लवकरच महामल्ल होणार असें सर्व म्हणूं लागले. पण त्याचे दोन्ही गुडघे निकामी होत गेले, त्यांत मधुमेहानें गांठलें, आणि २०१७ सालीं त्याचें ओझेकीपद गेलें. शस्त्रक्रिया झाल्या, स्पर्धा बुडत गेल्या, आणि प्रत्येक नव्या यादींत नांव खालीं खालीं उतरत गेलें. वेतन थांबलें. त्यानें आपल्या वस्तादांपुढें निवृत्तीची इच्छा एकदां नव्हे, अनेकदां बोलून दाखविली. आधीं प्रकृति सुधार, मग पाहूं, असें सांगून वस्तादांनीं त्याला थांबवून धरलें. २०१९ च्या मार्चमध्यें तो पुन्हां मातीवर उतरला, तेव्हां त्याचें नांव खालून दुसऱ्या वर्गांत ४८ व्या क्रमांकावर होतें. जें नांव एके काळीं दुरूनहि वाचतां येई, तें आतां बारीक अक्षरांत शोधावें लागत होतें.

ज्यांनीं तें शोधलें, त्यांना पुढील सोळा महिने पाहावयास मिळाले. एकेक वर्ग चढत तो २०२० च्या जुलैंत सर्वोच्च वर्गाच्या तळाशीं परत आला, आणि तीच स्पर्धा त्यानें १३ विरुद्ध २ अशा हिशेबानें जिंकली. त्या वर्षीं साथीच्या रोगामुळें मार्चची स्पर्धा रिकाम्या प्रेक्षागारांत झाली होती व मे महिन्याची रद्द झाली होती. जुलैंत रोज सुमारें अडीच हजार प्रेक्षकांनाच प्रवेश होता, आणि त्यांनींहि ओरडूं नये, फक्त टाळ्या वाजवाव्यात, अशी सूचना होती. पांच वर्षें ज्याच्या नांवाकडे डोळे लावून बसावें, तें नांव त्या दिवशीं मोठ्यानें पुकारण्याचीहि मुभा शौकिनांना नव्हती. त्यांनीं तें टाळ्यांनींच पुकारलें. पुढें २०२१ च्या जुलैमध्यें तेरुनोफुजी ७३ वा योकोझुना झाला, आणि एकंदर दहा वेळां विजेता ठरून २०२५ च्या जानेवारींत, वयाच्या ३३ व्या वर्षीं त्यानें कुस्ती सोडली.

त्याच्या निवृत्तींतहि या खेळाची रीत दिसून येते. ओझेकी लागोपाठ दोन स्पर्धांत अपयशी झाला तर त्याचें पद जातें. इतर मल्ल प्रत्येक यादीबरोबर वरखालीं होतात. योकोझुनाला मात्र खालीं उतरतां येत नाहीं. त्या पदास साजेशी कुस्ती होईनाशी झाली, कीं त्यानें निवृत्तच व्हावें, असा दंडक आहे. जो मल्ल तळ गांठून वर आला होता, त्याच्यासाठीं शेवटीं खालची पायरीच उरली नाहीं.

शौकिनांना या नादापासून काय लाभतें, असें व्यवहारी मनुष्य विचारील. पदरांत पडेल असें कांहींच लाभत नाहीं. पण दर दोन महिन्यांनीं त्यांना एक कागद मिळतो. कोण चढला, कोण उतरला आणि उतरलेल्यांपैकीं कोण अजून टिकून आहे, हें त्यावर एकाच शाईनें लिहिलेलें असतें. विजेत्याचें नांव सगळ्या जगाला ठाऊक होतें. उतरलेल्याची आठवण ठेवण्याचें काम मात्र बारीक अक्षरें वाचणाऱ्यांकडेच येतें, आणि जपानांतील हे शौकीन तें मोठ्या आवडीनें करीत असतात.