कॉफी उकळू नका

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकते. कॉफी उकळू नका. पाणी उकळा, दूध तापवा, पण कॉफीची पावडर पातेल्यात घालून खालून आच देत राहू नका. घरच्या कॉफीची चव बहुतेक वेळा बिघडते ती इथेच.

आपल्याकडे कॉफी करायची रीत चहासारखीच असते. दूध, साखर, कॉफी, चिमूटभर जायफळ, सगळं एकत्र आणि वर दोन उकळ्या. चहाला उकळी मानवते. आलं आणि दुधाच्या जोडीला त्याचा कडकपणा आपल्याला हवाच असतो. कॉफीचं तसं नाही. भाजलेल्या कॉफीत शेकडो सुगंधी द्रव्यं असतात आणि त्यांतली बरीचशी उडून जाणारी. कॉफी उकळत असताना घरभर दरवळ सुटतो, आपल्याला बरं वाटतं, पण तो सगळा दरवळ कपातून निघून गेलेला असतो. मागे राहतो कडवटपणा, आणि मग तो झाकायला आपण आणखी साखर घालतो. तुर्की पद्धतीत पूड पाण्यातच ठेवून तापवतात हे खरं, पण तिथेही फेस वर चढू लागला की भांडं आचेवरून उचलतात. खळखळा उकळू देत नाहीत.

१९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने कॉफीतलं किती पाण्यात उतरतं याचा नीट अभ्यास केला. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण तो सगळाच्या सगळा कपात यावा असं नाही. १८ ते २२ टक्के उतरला की चव जमते. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, जास्त उतरला तर कडू होते आणि घशाला कोरड पडल्यासारखं वाटतं. विरघळण्याला एक क्रमही असतो. आंबटसर, फळांच्या वळणाची चव आधी येते, मग गोडवा, आणि कडू-तुरट भाग सावकाश, मागाहून. उकळत्या पातेल्यात हा क्रम कुठे तोडायचा ते आपल्या हातात राहत नाही. फिल्टरमध्ये राहतं. पाणी पुडीतून एकदाच जातं आणि काम संपतं. म्हणून घरासाठी मी मनापासून सुचवते तो दाक्षिणात्य फिल्टर, एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांचा. स्टीलचा घ्या, किंवा पितळेचा. पितळेचा असेल तर आतून कल्हई हवी.

पण फिल्टरच्या आधी पावडर. भारतातली जवळजवळ ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगतात. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रातही, मेळघाटात चिखलदऱ्याला, कॉफीची झाडं आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तिकडे जाणं झालं तर जरूर बघा.

कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका सुगंधी, सौम्य, थोडी आंबूस. रोबस्टा जाड अंगाची, कडवट. तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट. दुधात घालायची कॉफी नुसत्या अरेबिकाची केली तर ती दुधापुढे फिकी पडते असा माझा अनुभव आहे. थोडी रोबस्टा असू द्यावी. पीबेरी हे नाव दुकानात ऐकू येतं, ती मात्र वेगळी जात नाही. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. कधी दोनाऐवजी एकच गोल बी धरते, ती पीबेरी.

आणि चिकोरी. हिच्याबद्दल एक तर लोक नाक मुरडतात, नाहीतर ती कॉफीच आहे असं धरून चालतात. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडे ती गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफीन नसतं. नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये कॉफीचा तुटवडा पडला तेव्हा हिचा वापर खूप वाढला. कॉफीपेक्षा ती पाण्यात कितीतरी अधिक विरघळते, त्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, लगेच काळंभोर आणि दाट दिसतं. ते दिसणं फसवं आहे. रंग चिकोरीचा असतो. थोडी चिकोरी दुधाच्या कॉफीला अंग देते आणि मला ती आवडते, पण शंभरात वीस भागांपर्यंत. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. तेव्हा पाकीट उलटून ती बारीक अक्षरातली ओळ वाचा. मुंबईत माटुंग्याला कॉफी दळून देणारी जुनी दुकानं आहेत. तिथे चिकोरी किती घालायची हे तुम्हीच सांगायचं असतं. अशी दुकानं पुण्यातही आहेत. जवळ असेल तिथून एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास फार दिवस टिकत नाही. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तो गॅसशेजारच्या फळीवर नको. चिकोरी ओलावा पटकन ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात ओला चमचा घातला की गठ्ठे झालेच.

आता डिकॉक्शन. दोघांच्या कॉफीसाठी वीस ग्रॅम पावडर आणि दीडशे मिलिलिटर पाणी. घरात छोटा वजनकाटा असेल तर पहिले काही दिवस तो वापराच, कारण चमचा कधी शिगोशीग भरला जातो, कधी सपाट, आणि मग आज चांगली का झाली आणि काल का नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. वरच्या भांड्यात पावडर घालून ती हलक्या हाताने सपाट करा. दाबून बसवू नका. फिल्टरसोबत येणारी दांडीची चकती तिच्यावर नुसती ठेवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. पाणी ९० ते ९६ अंशांच्या मध्ये असलेलं बरं. महाबळेश्वरला राहणाऱ्यांना थांबायची गरज नाही, तिथल्या उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी गोल फिरवत ओता आणि अर्धा मिनिट जाऊ द्या. ताज्या भाजलेल्या कॉफीत कर्बवायू अडकलेला असतो, तो या वेळात बुडबुड्यांवाटे बाहेर पडतो. तो आत राहिला तर पाणी पुडीत नीट शिरत नाही. मग उरलेलं पाणी ओता, झाकण ठेवा, आणि फिल्टरला हात लावू नका.

पंधरा ते तीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरतं. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे दीडशेपैकी शंभर-एकशेदहाच हाती लागेल. पाचच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाडं आहे किंवा पूड कमी पडली आहे. तासभर ठिबकत राहिलं तर दळण फार बारीक, किंवा पूड दाबली गेली, किंवा वरच्या भांड्याच्या तळाची भोकं बुजली आहेत. भोकं बुजली असतील तर वरचं स्टीलचं भांडं रिकामं करून चिमट्याने क्षणभर गॅसच्या ज्योतीवर धरतात. अडकलेले कण जळून मोकळे होतात. पितळी, कल्हईच्या भांड्याला हे करू नका, कल्हई वितळेल. तिथे बारीक ब्रश वापरा.

त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालायची चाल पुष्कळ घरांत आहे. काटकसर म्हणून ती समजते, पण दुसऱ्या पाण्यात मुख्यतः कडू भागच उतरतो. पहिल्या डिकॉक्शनमध्ये ते मिसळू नका, एवढं तरी नक्की करा.

दूध ताजं आणि एकदाच तापवलेलं हवं. सकाळपासून चार वेळा उकळलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो आणि तो कॉफीवर चढतो. डिकॉक्शन कपात घ्या आणि त्यावर दुप्पट-अडीचपट कडकडीत दूध ओता. डिकॉक्शन गार झालं असेल तरी ते आचेवर ठेवू नका. दुधाच्या उष्णतेने काम भागतं. मग डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी आणि पेल्यात, दोन-तीनदा उंचावरून वरखाली करा. फेस येतो, साखर विरघळते आणि कॉफी पिण्याजोगी होते.

जायफळ सोडायचं का, असं मला विचारतात. मुळीच नाही. जायफळाची कॉफी ही आपल्या घरांची खास चीज आहे आणि ती जपलीच पाहिजे. फक्त जायफळ दुधात घाला, कॉफीत नाही. दूध उतरवायच्या आधी किसणीवर एक-दोनदा फिरवलं की पुरे, आणि कपाटातली तयार पूड नको. त्या दिवशी चिकोरी अगदी कमी असलेली कॉफी घ्या, म्हणजे दोन्ही वास वेगवेगळे ओळखू येतील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चव पटली नाही तर सगळं एकदम बदलू नका. आधी पुडीचं प्रमाण बदलून बघा, मग दळण, मग मिश्रण. जमलं की ते आकडे डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा आणि दुकानदाराला तेच सांगत जा.