रोटाव्हेटरच्या शाफ्टचे सांधे : खोलणे, ग्रीस भरणे, जोडणे

गाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय आपली वडीलमाणसे बैल जुंपत नसत. आज मात्र ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर वर्षभर शेडमध्ये पडून असतो आणि मृगाच्या तोंडावर आपण तो तसाच जोडतो. मग ऐन घाईत शाफ्टचा क्रॉस तुटतो. थोडी निगा राखली तर ही वेळ येत नाही.

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.पासून रोटाव्हेटरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टला दोन टोकांना दोन सांधे असतात. प्रत्येक सांध्यात बेचकीसारखे दोन योक आणि त्यांच्या मधे क्रॉस असतो. क्रॉसच्या चार खुंटांवर चार वाट्या बसतात आणि वाट्यांत बारीक सुया असतात. ग्रीस संपले की सुया खुंटाला खातात. वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, किंवा हाताने हलवल्यावर सांधा खडखडला, तर तो खोलायला झाला असे समजा.

आधी रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा, पी.टी.ओ. सोडवा, ट्रॅक्टर बंद करा आणि चावी खिशात ठेवा. ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. त्यात धोतराचा सोगा किंवा पदर सापडला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आता शाफ्ट काढा. आतली आणि बाहेरची नळी वेगळी करण्याआधी दोन्हींवर छिन्नीने समोरासमोर खूण करा. मी स्वतः एकदा खूण न करता नळ्या ओढल्या आणि जोडताना पाव फेरा चुकलो. शाफ्ट असा थरथरू लागला, की नवा क्रॉस त्याच हंगामात गेला. कारण सोपे आहे. कोनात फिरणारा एकटा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा हळू फिरवतो. दुसरा सांधा ती चूक भरून काढतो. पण नळ्यांवरचे दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. चौकोनी नळी चुकीची बसू शकते, म्हणून खूण हवीच.

सांधा बाहेरून पुसा. पकडीने सर्क्लिप काढा. योक आधारावर ठेवून लाकडी ठोकळ्यावर हातोडीने हलके ठोका. वाटी बाहेर सरकेल. खाली स्वच्छ घमेले ठेवा आणि प्रत्येक वाटीतल्या सुया मोजा. सगळे डिझेलमध्ये धुऊन कोरडे करा. खुंटावर नखाला लागतील अशा रेघा असतील तर क्रॉस आणि चारही वाट्या नव्या घाला. नव्या वाट्या जुन्या क्रॉसवर घालू नका.

जोडताना वाटीच्या आतून ग्रीसचा थर द्या आणि सुया उभ्या चिकटवा. ग्रीसचे निपल गनने पोहोचता येईल अशा बाजूला ठेवा. क्रॉसचे खुंट समोरासमोरच्या दोन्ही वाट्यांत थोडे शिरवून मगच व्हाइसमध्ये सावकाश दाबा. सर्क्लिपची खाच दिसेपर्यंत वाटी जात नसेल, तर एखादी सुई आडवी पडली आहे. जोर करू नका, वाटी काढून पाहा. सर्क्लिप खाचेत पक्की बसली आणि क्रॉस बोटांनी सहज फिरला म्हणजे काम नीट झाले.

मग गनने लिथियमचे २ नंबरचे ग्रीस चारही वाट्यांच्या कडेने बाहेर येईपर्यंत भरा. एका वाटीतून आले नाही, तर तिथली वाट बंद आहे. नळ्यांनाही ग्रीस लावा, खुणा जुळवा, प्लास्टिकचे आवरण बसवा आणि त्याची साखळी अडकवा. आवरण फुटले असेल तर नवे आणा. त्याशिवाय शाफ्ट फिरवू नका.

कामाच्या दिवसांत रोज सकाळी निपल पुसून दोन-तीन दाब ग्रीस द्या. आपल्या यंत्राच्या पुस्तकात वेगळे अंतर दिले असेल तर ते पाळा. बांधावर वळताना रोटाव्हेटर उंच उचलण्याआधी पी.टी.ओ. सोडवा, कारण उंच उचलल्यावर शाफ्टचा कोन वाढतो आणि सांधा आपटतो.

पहिल्यांदा खोलताना गावातल्या जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवा. मृगाआधी एक दुपार या कामाला द्या, म्हणजे वाफसा आल्यावर यंत्र दारात उभे राहणार नाही.