‘मी कोण’ हे कुणी सांगितलं?

(रायपूर येथे मराठी विद्यार्थ्यांच्या वाचन-बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रद्धा आणि आजची संस्कृती यांवरच्या नव्या ख्रिस्ती पुस्तकांबद्दल मी बोलावं, असं ठरलं. बौद्ध घरातली मुलगी यावर का बोलतेय, असं काहींना वाटलं असेल. धर्म बदलल्यावर जातीचं काय होतं, हा प्रश्न आपलाही आहे, म्हणून.

अमेरिकेत बरंच चर्चेत राहिलेलं एक पुस्तक घेऊ. कार्ल ट्रूमन या इतिहासकाराचं ‘द राइज अँड ट्रायम्फ ऑफ द मॉडर्न सेल्फ’, 2020 चं. ‘मी कोण’ याचं उत्तर आजचा माणूस स्वतःच्या आतल्या भावनेत का शोधतो, हे तो रूसोपासून फ्रॉइडपर्यंत जाऊन तपासतो. समाजशास्त्रवाल्यांना ओळखीचं वाटेल, कारण चार्ल्स टेलर आणि फिलिप रीफ यांचा आधार आहे. लैंगिकतेबद्दलचे त्याचे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण ते आज बाजूला ठेवू. मी अडले ती दुसरीकडेच. आपल्यापैकी किती जणांना ‘मी कोण’ हे आत डोकावून शोधावं लागलं? आधी गावाने सांगितलं, मग जातीच्या दाखल्याने.

आपल्याच राज्यातलं उदाहरण पाहा. 7 जानेवारी 2025 ला बस्तरमधल्या छिंदवाडा गावात महरा समाजातला एक पास्टर वारला. गावाच्या स्मशानभूमीत आदिवासींची, महरांची जागा वेगवेगळी आणि तिथे ख्रिस्ती लोकांसाठीही एक भाग आहे, असं त्याच्या मुलाचं म्हणणं होतं. गावाने दफनाला नकार दिला. मुलगा हायकोर्टात गेला, सुप्रीम कोर्टात गेला, तोवर प्रेत शवागारात. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एकाने स्वतःच्या शेतात दफनाची परवानगी द्यावी म्हटलं, दुसऱ्याने नाही. शेवटी 20-25 किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावं, असा आदेश निघाला. श्रद्धा आणि संस्कृती यांवरचं पुस्तक इथे लिहायचं तर ते या वीस दिवसांपासून सुरू व्हायला हवं, असं मला वाटतं.

आपल्या मराठीने तरी हे पाहिलं का? ख्रिस्ती साहित्य म्हटलं की रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई ही नावं येतात. तिघेही ब्राह्मण घरातले. अहमदनगर भागातल्या चर्चमध्ये मात्र महार-मांगच बहुसंख्य. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त आपलं सोवळं कसं सुटत गेलं ते कसलाही आव न आणता लिहिलंय, माझं ते आवडतं पुस्तक आहे. पण ज्यांच्या स्पर्शाने ते सोवळं मोडायचं, त्यांनी लिहिलेलं ख्रिस्ती पुस्तक मला शाळा-कॉलेजात कुणी हातात दिलं नाही.

ही उणीव नेमकी पकडली ती महाराष्ट्रातल्याच अरविंद निर्मळ यांनी. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी भाषण दिलं, दलित थिऑलॉजीची सुरुवात तिथून मानतात. त्यांचा आक्षेप साधा होता: चर्चमध्ये बहुसंख्य दलित, आणि विद्वान मात्र येशूला वेदान्ताच्या भाषेत समजावत बसलेत. ‘भारतीय संस्कृती’ म्हणजे ब्राह्मणी परंपरा, हे ख्रिस्ती विद्वानांनीही गृहीतच धरलेलं. निर्मळ यांनी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 26वा अध्याय घेतला. तिथे इस्राएली माणूस देवापुढे आपल्या भटक्या पूर्वजाची आणि गुलामीची आठवण सांगतो. आपण आपल्या आज्याची आठवण का लपवायची, असा त्याचा रोख.

पुढच्या पिढीने या विचारालाही सोडलं नाही, हे मला आवडतं. पेनियल राजकुमार यांनी 2010 च्या पुस्तकात सरळ विचारलं, की एवढं लिहून दलितांच्या जगण्यात फरक का पडत नाही?

फरक न पडण्याचं एक कारण कायद्यात आहे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये आपल्या बौद्धांना तो मिळाला. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अटच काढा म्हटलं, तरी ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. आपल्याला मिळालं त्यानंतर त्यांच्यासाठी आपण किती बोललो?

निर्मळ यांचं ते भाषण इंग्रजीत आहे. पुढच्या बैठकीपर्यंत दोघा-तिघांनी पानं वाटून घेऊन मराठी करायला घेतलं तर बरं होईल. पहिली पानं मी घेते.